अंडे फिरवावे, पण का, हे जाणून

जून २०१९ मध्ये राजस्थानातील जैसलमेरच्या वाळवंटी माळावरून माळढोक पक्ष्याची अंडी उचलून उबवणी यंत्रात ठेवण्यास आरंभ झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राजस्थानचा वन विभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्या या संयुक्त प्रकल्पाची केंद्रे आज सम आणि रामदेवरा येथे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रकल्पात कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले आणि त्याची बातमी देशभर पोहोचली. बातमीत रेतनाच्या तंत्राचे कौतुक झाले. ते रास्तही होते. मात्र माळावरून उचललेले अंडे आणि त्यातून निघणारे पिल्लू यांच्या दरम्यान जे दिवस जातात, त्यांतील एका साध्या क्रियेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती क्रिया म्हणजे अंडे ठरावीक अंतराने फिरवणे.

माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे घालते आणि निसर्गात उरलेल्या या पक्ष्यांची संख्या दीडशेहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. अशा जातीच्या अंड्याबाबत ‘पुढच्या वेळी दुरुस्त करू’ असे म्हणण्याची सोय नसते.

याच काळात देशातील असंख्य घरांत कोंबडीची अंडी यंत्रात उबवली जात आहेत. कुठे थर्मोकोलच्या पेटीत बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून केलेले घरगुती यंत्र असते, कुठे बाजारातून आणलेली तयार पेटी. कोणाला परसात चार गावरान कोंबड्या हव्या असतात, कोणाला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प मांडायचा असतो. या सर्वांना एक सूचना हमखास मिळते: अंडी दिवसातून काही वेळा फिरवत राहा. सूचना पाळली जाते. तिचे कारण मात्र विचारले जात नाही. कारण ठाऊक नसलेला नियम हा विज्ञानाचा भाग नसून केवळ रीत असते. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत अशी रीत निभावून जाते. जिवंत भ्रूणाच्या बाबतीत ती घातक ठरू शकते, आणि अंडे फिरवण्याइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

कारण विचारलेच, तर बहुधा एकच उत्तर मिळते: अंड्याला सर्व बाजूंनी सारखी ऊब मिळावी म्हणून. हे उत्तर सहज पटते. तव्यावरची भाकरी उलटावी लागते, तसेच हेही. खुडूक कोंबडीच्या पोटाखालच्या अंड्याची वरची बाजू अधिक उबदार आणि मातीकडची बाजू थंड असते, हेही खरे. परंतु या उत्तराची परीक्षा घेणे सोपे आहे. पंखा असलेल्या यंत्रात हवा सतत खेळती राहते आणि अंड्याच्या सर्व बाजूंना जवळजवळ एकच तापमान मिळते. ऊब हेच एकमेव कारण असते, तर अशा यंत्रात अंडी फिरवण्याची गरजच उरली नसती. प्रत्यक्षात तशा यंत्रातही न फिरवलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते. म्हणजे कारण दुसरीकडे, कवचाच्या आत शोधावे लागते.

अंड्यातील पिवळा बलक हा पांढऱ्या बलकात तरंगणारा गोळा आहे. त्याला दोन टोकांशी पिळदार तंतूंनी धरून ठेवलेले असते. या तंतूंना कॅलेझा म्हणतात. बलकाच्या पृष्ठभागावर जेथे भ्रूण असतो, त्याच्या खालचा भाग उरलेल्या बलकापेक्षा किंचित हलका असतो. त्यामुळे गुरुत्व आणि प्लावक बल यांच्या जोडीने बलकावर एक आघूर्ण निर्माण होते आणि अंडे कसेही ठेवले तरी गोळा आतल्या आत वळून भ्रूणाची बाजू वर येते. जहाजावरचे होकायंत्र जहाज कलले तरी आडवेच राहते, तसाच हा प्रकार. म्हणून अंडे फिरवले की भ्रूण उलटा होतो, ही समजूत चुकीची आहे. कवच फिरते, त्यासोबत पांढरा बलक सरकतो, आणि भ्रूण पुन्हा आपल्या जागी, वर येऊन थांबतो. फिरवण्याने बदलते ती भ्रूणाची दिशा नव्हे, तर त्याच्या भोवतालची परिस्थिती.

ही परिस्थिती बदलणे का आवश्यक असते? उबवणीच्या पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या बलकातील पाणी पिवळ्या बलकात ओढले जाते आणि भ्रूणाच्या खाली द्रवाचा एक थर साठतो. त्यामुळे बलक अधिक हलका होतो, वर चढतो आणि कवचाच्या आतील पटलाच्या अगदी जवळ येतो. अंडे अनेक दिवस एकाच स्थितीत राहिले, तर भ्रूण किंवा त्याची आवरणे त्या पटलाला चिकटण्याचा धोका असतो. एकदा चिकटल्यावर पुढील वाढीत त्यांना मोकळेपणाने हलता येत नाही. याच दिवसांत बलकाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांचे जाळे पसरत असते आणि न फिरवलेल्या अंड्यात त्याचा विस्तार मंदावतो. १९५७ मध्ये डी. ए. टी. न्यू यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबडीच्या अंड्यासाठी चौथ्या ते सातव्या दिवसांदरम्यान फिरवणे विशेष निर्णायक असल्याचे दिसून आले. नंतरच्या संशोधनात हा काळ तिसऱ्या दिवसापासून धरला गेला. गंमत अशी की, या काळात केलेल्या हयगयीचे फळ त्या वेळी दिसतच नाही. भ्रूण वाढत राहतो आणि मृत्यू पुढे, पुष्कळदा अगदी शेवटच्या दिवसांत येतो. घरी उबवणी करणारा मग अखेरच्या दिवसांतील आर्द्रतेला दोष देतो. चूक पहिल्याच आठवड्यात होऊन गेलेली असते.

दुसरे कारण श्वसनाचे आहे. कोंबडीच्या अंड्याच्या कवचात सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर जाते, ती याच छिद्रांतून, केवळ विसरणाने. आलेला ऑक्सिजन पकडण्यासाठी भ्रूण स्वतःबाहेर रक्तवाहिन्यांचे एक पटल वाढवतो. कोरिओअॅलँटॉइस नावाचे हे पटल पहिल्या आठवड्यात वाढू लागते आणि बाराव्या दिवसाच्या सुमारास कवचाची संपूर्ण आतली बाजू व्यापते. अंडे फिरवले गेले नाही, तर न वापरलेला घट्ट पांढरा बलक तळाशी आणि निमुळत्या टोकाकडे साचून राहतो आणि या पटलाच्या वाटेत येतो. पटल अपुरे राहिले की ऑक्सिजन अपुरा मिळतो. शिवाय साचलेला हा पांढरा बलक म्हणजे भ्रूणाचे प्रथिनयुक्त अन्न असते. नेहमीच्या वाढीत उबवणीच्या उत्तरार्धात ते भ्रूणाभोवतीच्या द्रवात मिसळते आणि भ्रूण ते गिळतो. न फिरवलेल्या अंड्यात त्यातील बराच भाग अखेरपर्यंत तसाच राहतो आणि भ्रूण लहान राहतो. एका साध्या हालचालीवर अन्न आणि श्वास या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात, त्या अशा.

हे एकदा समजले की व्यवहारातील नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप उलगडतात. हाताने फिरवणाऱ्यांना दिवसातून तीन किंवा पाच, म्हणजे विषम वेळा फिरवण्यास सांगितले जाते. रात्रीचा काळ सर्वांत लांब असतो. विषम संख्येमुळे आज रात्री जी बाजू वर होती, ती उद्या रात्री खाली जाते. विषम संख्येत कोणताही शुभाशुभ संकेत नाही. तो केवळ सममितीचा हिशेब आहे. फिरवताना आज उजवीकडे तर पुढच्या खेपेस डावीकडे न्यावे लागते, कारण सतत एकाच दिशेने फिरवल्यास कॅलेझाला पीळ पडत जातो आणि नाजूक आवरणे व वाहिन्या फाटू शकतात. मोठ्या हॅचरीत अंड्यांचे ट्रे दर तासाला एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस सुमारे ४५ अंशांनी कलतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल अशी खूण पेन्सिलने करतात. शाई कवचाच्या छिद्रांतून आत जाऊ शकते. कोंबडीच्या २१ दिवसांच्या उबवणीत अठराव्या दिवशी फिरवणे थांबवतात. तोवर पांढरा बलक संपलेला असतो, पटल पूर्ण झालेले असते आणि पिल्लू चोच रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीकडे नेऊन बाहेर पडण्याच्या तयारीत असते. अशा वेळी त्याला हलवणे म्हणजे त्याने शोधलेली वाट बिघडवणे होय.

मात्र ‘अंडे फिरवलेच पाहिजे’ हा नियम कारणाविना उचलून दुसरीकडे नेला तर काय होते, ते पाहण्यासाठी भारताच्या किनाऱ्यावर जावे. ओडिशातील गहीरमाथा आणि ऋषिकुल्या, तमिळनाडूतील चेन्नई, महाराष्ट्रातील वेळास अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चेन्नईत विद्यार्थी स्वयंसेवक १९८८ पासून रात्रीच्या गस्ती घालून घरटी शोधतात आणि धोक्यातील अंडी हॅचरीत हलवतात. या कामाचा पहिला धडा असा की, अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवावीत आणि हलवताना त्यांची वरची बाजू वरच ठेवावी. कासवाच्या अंड्यात कॅलेझा नसतात. अंडी घातल्यानंतर थोड्याच वेळात भ्रूण कवचाच्या वरच्या भागाला आतून चिकटतो, आणि हे चिकटणे त्याच्या वाढीचा आवश्यक भाग असते. त्यानंतर अंडे फिरवले, तर पटल फाटते किंवा भ्रूण जड बलकाखाली दबतो व मरतो. मगरी आणि सुसरी यांच्या अंड्यांनाही हीच काळजी लागते. पक्ष्याच्या भ्रूणाला जे चिकटणे मारते, तेच कासवाच्या भ्रूणाला जगवते. कोंबडीची अंडी उत्तम उबवणारा एखादा उत्साही मुलगा चांगल्या हेतूने कासवाची अंडी रोज फिरवू लागला, तर आपण काय करत आहोत हे त्याला शेवटपर्यंत कळणार नाही.

पक्ष्यांमध्येही अपवाद आहेत. निकोबार बेटांवरील मेगापोड पक्षी वाळू आणि पालापाचोळा यांच्या ढिगाऱ्यात अंडी पुरतो आणि ती फिरवत नाही. ताडाच्या पानाला घरटे चिकटवणारी ताडपाकोळी आपली अंडीसुद्धा लाळेने घरट्याला चिकटवते. मेगापोडच्या अंड्यात पिवळ्या बलकाचे प्रमाण फार मोठे आणि पांढऱ्याचे कमी असते, त्यामुळे वाटेत साचून राहील असा पांढरा बलकच मुळात थोडा असतो. फिरवण्याची गरज ही पक्षी असण्याशी नव्हे, तर त्या अंड्याच्या घडणीशी आणि त्या जातीच्या सवयीशी जोडलेली आहे. म्हणूनच माळढोकासारख्या पक्ष्यासाठी कोंबडीचे कोष्टक जसेच्या तसे लागू करता येत नाही. या प्रकल्पाने अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीशी सहकार्य केले, ते हुबारा हा माळढोकाच्याच कुळातील असल्यामुळे. अनुभव उसना घ्यायचा तर तो जवळच्या नात्यातून घ्यावा, हा त्यातील विवेक.

घरगुती यंत्रांच्या बाबतीत आणखी एक सवय चिंताजनक आहे. स्वयंचलित यंत्राच्या पडद्यावर तापमान, आर्द्रता आणि किती वेळा फिरवले याचे आकडे दिसतात, आणि पाहणारा त्या आकड्यांनाच घटना समजतो. मोटर चालते, आकडा वाढतो, परंतु ट्रे अडकलेला असतो. पेन्सिलची फुली मात्र खोटे बोलत नाही. तापमानाचेही तसेच. पंख्याच्या यंत्रात ते सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते आणि एका अंशाची सततची चूकही महाग पडते. घरात ताप मोजण्याचा डॉक्टरी थर्मामीटर असतो आणि त्याची अचूकता नेमक्या याच पट्ट्यात असते. त्याच्याशी यंत्राचा संवेदक ताडून पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. इजिप्तमधील जुन्या उबवणी भट्ट्यांतील कामगार अंडे पापणीला लावून त्याची ऊब ओळखत असत. अठराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर, ज्याच्या नावाचे तापमानाचे मापक्रम प्रसिद्ध आहे, त्याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला. पापणी असो वा थर्मामीटर, त्या माणसांनी स्वतः पाहण्याचे काम यंत्रावर सोपवले नव्हते.

येथे विज्ञान प्रदर्शनांचा प्रश्न येतो. ‘फिरवलेली अंडी आणि न फिरवलेली अंडी यांची तुलना’ हा प्रकल्प वरवर आदर्श वाटतो: एक चल, एक नियंत्रण गट, मोजता येणारा निष्कर्ष. प्रयोगाशिवाय विज्ञान शिकता येत नाही, हा त्यामागील युक्तिवाद वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. तरीही असा प्रकल्प शाळेत होऊ नये. त्यात एका गटातील भ्रूण मरावेत, अशीच रचना असते, आणि त्यांच्या मृत्यूतून मिळणारे उत्तर १९५७ पूर्वीपासून अभ्यासले गेलेले आहे. दहा-बारा अंड्यांच्या नमुन्यातून त्या उत्तरात नवी भर पडण्याची शक्यताही नाही. सिद्ध झालेला मृत्यू पुन्हा सिद्ध करून दाखवणे हे शिक्षण नव्हे.

त्याऐवजी करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यात कोणाचा जीव जात नाही. दशांश ग्रॅम मोजणारा छोटा वजनकाटा घेऊन प्रत्येक अंड्याचे रोज एकाच वेळी वजन करावे. साठ ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत सुमारे सात ग्रॅम, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास वजन गमावते; दिवसाला साधारण ०.४ ग्रॅम. हे वजन म्हणजे छिद्रांतून विसरणाने गेलेली वाफ. आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. उतार जास्त तीव्र असेल तर यंत्रातील हवा कोरडी आहे, मंद असेल तर ती दमट आहे. एका रेषेच्या उतारावरून विद्यार्थी बंद कवचाच्या आतले घडणे वाचू शकतो आणि वेळीच पाण्याचे भांडे लहान-मोठे करून पिल्लू वाचवू शकतो. अंधारात टॉर्चच्या प्रकाशात अंडे धरले की पहिल्या आठवड्यातच रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ते रोज रेखाटत गेल्यास वाढीची उत्तम नोंद तयार होते. न उबलेली अंडी अखेरीस जाणत्या शिक्षकासमवेत उघडून पाहिली, तर भ्रूण कोणत्या टप्प्यावर थांबला हे कळते आणि चूक पहिल्या आठवड्यातली की शेवटच्या, याचा अंदाज येतो. यात निरीक्षण आहे, मापन आहे, अनुमान आहे. फक्त मुद्दाम केलेली हानी नाही.

दोन मर्यादा मात्र आधीच ठरवाव्या लागतात. पहिली कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणे किंवा त्यांची घरटी विस्कटणे ही शिकारीच्या व्याख्येत येणारी कृती आहे. घरच्या यंत्रात कोंबडीचे अंडे शोभते, झाडावरून आणलेले नाही. दुसरी मर्यादा जबाबदारीची. एकविसाव्या दिवशी प्रयोग संपत नाही, तेथे एक प्राणी सुरू होतो. त्यातील निम्मे कोंबडे असणार. त्यांना कोण, कुठे, किती दिवस सांभाळणार, याचे उत्तर पहिले अंडे यंत्रात ठेवण्यापूर्वी तयार हवे. ते नसेल, तर यंत्र बंद ठेवणेच शहाणपणाचे.

माळढोकाच्या बाबतीतही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर खरी आहे. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी घोषित झाले. आज तेथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. उडत्या माळढोकाला समोरच्या तारा वेळेत दिसत नाहीत आणि उच्चदाब वीजवाहिन्यांना धडकून पक्षी मरतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाहिन्या शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवण्यात आला. यंत्रातून निघालेले पिल्लू शेवटी कोणत्या आकाशात सोडायचे, हा प्रश्न उबवणी केंद्राच्या भिंतीबाहेरचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. उबवणी म्हणजे संवर्धन नव्हे. उबवणी ही संवर्धनासाठी मिळवलेली थोडी उसंत आहे.

ही उसंत मिळवून देणारे काम मात्र बारकाव्यांनीच होते. त्यासाठी लागणारी माणसे आज कुठल्यातरी घरात, थर्मोकोलच्या पेटीसमोर बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना मोटर लावलेला ट्रे देणे सोपे आहे. ‘अंडे का फिरवायचे, आणि कोणते अंडे फिरवायचे नाही’ हा प्रश्न त्यांच्या हाती देणे अधिक मोलाचे. पेन्सिलची फुली करणाऱ्या हाताला तिचे कारण ठाऊक असेल, तर तोच हात उद्या एकुलत्या एका अंड्यावरही विश्वासाने ठेवता येईल.